पाडव्याच्या लांब सुट्टीचा आपल्या भागापुरता हवामान अंदाज : ठाण्यातल्या कामाच्या नोंदी

१ मार्च, रविवार

पाडवा १९ तारखेला, गुरुवारी. शुक्रवारची रजा टाकली की रविवारपर्यंत सलग सुट्टी, आणि आमच्या भागात जवळपास रोज काही ना काही उघड्यावर आहे. गुरुवारी सकाळी पाडव्याच्या स्वागतयात्रेची वसंत विहार ते पवारनगर अशी उपयात्रा, शनिवारी मुलांची येऊरच्या डोंगरावर पायी सहल, रविवारी मैदानावर दिवसभर क्रिकेटचे सामने. आजच्या बैठकीत मी एक काम मागून घेतलं : या दिवसांचा आपल्या परिसरापुरता हवामान अंदाज, तासातासाचा, कागदावर लिहिलेला.

दरवर्षी होतं असं की कुणीतरी मोबाइल काढतो आणि ‘छत्तीस दाखवतंय’ म्हणतो, शेजारच्याच्या मोबाइलवर चौतीस असतं, आणि विषय संपतो. वेधशाळेचा इशारा मी रोज वाचते आणि त्यावर माझा विश्वास आहे, पण तो अख्ख्या जिल्ह्याचा असतो. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला तरी ठाणे जिल्हा भाईंदरच्या खाडीपासून मुरबाड-शहापूरच्या डोंगरपायथ्यापर्यंत पसरलेला आहे. दुपारी एक वाजता या दोन टोकांची हवा एकसारखी नसते.

आणि १६ एप्रिल २०२३ चा खारघरचा रविवार मी विसरलेले नाही. जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपास होता. लाखो माणसं उघड्या मैदानावर तासन्‌तास बसली होती आणि उष्माघातानं १४ जण गेले. अकोल्या-चंद्रपूरकडचा माणूस ३८ ऐकून मान हलवेल आणि पुढे जाईल. नुसता आकडा सांगून कुणी सावध होत नाही. किती वाजता, कुठे आणि किती वेळ, हे सांगावं लागतं. म्हणून हे काम.

४ मार्च

सामान. ईएसपी८२६६ बोर्ड (सेन्सरचे आकडे वायफायवरून पाठवणारा) ३२० रुपये, तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता मोजणारा बीएमई२८० सेन्सर २८० रुपये, पाच व्होल्टचा अडॅप्टर घरातलाच. शेजारच्या विंगमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा मुलगा आहे, त्यानं जोडणी करून दिली. तापमान आलं, हवेचा दाब आला, आर्द्रता मात्र येईना. सगळी संध्याकाळ प्रोग्राम तपासण्यात गेली. शेवटी त्यानं चिपचा ओळख-क्रमांक वाचला : ०एक्स५८. खऱ्या बीएमई२८० चा क्रमांक ०एक्स६० असतो. विक्रेत्यानं बीएमई सांगून बीएमपी२८० पाठवला होता, त्याला आर्द्रता मोजताच येत नाही. डोळ्यांनीही ओळखता येतो : बीएमईची धातूची डबी चौकोनी, अडीच बाय अडीच मिलिमीटर, बीएमपीची जरा लांबट. पाकीट उघडल्यावर आधी हे बघा, मग सोल्डरिंग करा.

आर्द्रतेशिवाय आमच्या किनाऱ्याचा अंदाज लिहिण्यात अर्थ नाही. परत मागवताना थेट एसएचटी३१ हा तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर घेतला, ४५० रुपये. आधीचे २८० परत मिळालेले नाहीत.

७ मार्च, शनिवार

सेन्सरला ऊन लागू न देता हवा लागू द्यायची, त्यासाठी छत्री. वेधशाळेत झडपांची पांढरी लाकडी पेटी असते, स्टीव्हन्सन पेटी. जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर आणि दार उत्तरेला. ती करून घ्यायची तर सुतार चार हजारांच्या खाली येत नव्हता. म्हणून कुंड्यांखाली ठेवायच्या प्लास्टिकच्या पांढऱ्या ताटल्या आणल्या. मधल्या ताटल्यांना मोठं भोक, वरच्या दोन अखंड, तीन आटेदार सळया, आणि प्रत्येक दोन ताटल्यांमध्ये पीव्हीसी पाइपचे दोन सेंटिमीटरचे तुकडे. जांभळी नाक्यावरून सगळं मिळून ३९० रुपये. पाइप कापायला आणि भोकं सरळ पाडायला अख्खा दिवस गेला. ताटली तापलेल्या खिळ्यानं भोसकली की तडकते, ड्रिलनं हळूहळू पाडावी.

८ मार्च

यंत्र आज गॅलरीत लावलं, कारण वायफाय आणि वीज तिथेच. दुपारी चारला ४१.३ अंश. गॅलरी पश्चिमेला आहे, भिंत दुपारभर तापते आणि यंत्र त्या भिंतीची झळ मोजत होतं. गच्चीवर नेलं तर स्लॅब खालून भाजतो. अखेर सोसायटीच्या मागच्या बागेत, हिरवळीवर, भिंतीपासून बरंच लांब, सव्वा मीटर उंचीचा लोखंडी खांब रोवला. माळीकाकांनी आनंदानं जागा दिली. अट एकच : सकाळच्या पाण्याचा पाइप तिथून फिरतो, तेव्हा वायर वर बांधायची.

वायफाय तिथवर पोहोचत नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये सिग्नल वाढवणारं यंत्र बसवलं, ११५० रुपये. या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच निघाला. ज्यांना तो नको असेल त्यांनी बोर्डाला मेमरी कार्ड जोडावं आणि संध्याकाळी काढून वाचावं. अंदाजासाठी तेवढं पुरतं.

९ मार्च

बर्फाची परीक्षा. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी थर्मासमध्ये, सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत, पंधरा मिनिटं. ०.२ दाखवलं. समाधानकारक.

खरी अडचण सकाळी दिसली. शाळेच्या प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानातून काचेचे दोन थर्मामीटर आणले होते. एकाच्या टोकाला ओलं मलमल बांधायचं, दोन्ही एका पट्टीवर लावून सावलीत गरगर फिरवायचे. कोरडा आणि ओला असे दोन आकडे मिळतात, त्यावरून आर्द्रता निघते. आठ ते साडेनऊ या वेळात माझं यंत्र काचेपेक्षा दोन अंश जास्त दाखवत होतं, आणि दुपारी दोन्ही जुळत होते. सकाळी ठाण्यात वारा पडलेला असतो. वारा नसला की ताटल्यांमधली हवा अडकते आणि तापते. यात्रा सकाळीच आहे, म्हणजे ज्या तासांसाठी हा सगळा खटाटोप, नेमके तेच तास चुकत होते.

उपाय : जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा छत्रीच्या तळाशी बसवला, हवा खालून ओढून वर फेकेल असा. बोर्ड स्वतः गरम होतो म्हणून तो छत्रीबाहेर वेगळ्या डबीत काढला. पुढच्या सकाळी फरक अर्ध्या अंशाच्या आत आला. पंखा जुना असल्यानं खर्च शून्य, नवीन घेतला तर दीडशे.

११ मार्च

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण या कामाचा गाभा आज हाती लागला.

सकाळपासून पूर्वेचा कोरडा वारा. खांबावर बांधलेली रिबन येऊरच्या दिशेनं फडफडत होती, म्हणजे हवा कल्याण-मुरबाडकडून येत होती. साडेबाराला ३६, दीडला ३७.५ अंश, आर्द्रता २० टक्के. घाम येत होता पण अंगावर टिकत नव्हता, ओठ कोरडे पडत होते. पावणेदोनला रिबन लोंबकळली. मग हळूच उलटी फिरली आणि येऊरकडून वारा आला. सव्वादोनपर्यंत पारा ३४ वर उतरला आणि आर्द्रता ५० टक्क्यांवर गेली. शाळेत शिकलेला खारा वारा तो हाच. समुद्रावरून निघतो, आधी मुंबईला मिळतो. आमच्याकडे येताना त्याला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आडवे येतात, म्हणून ठाण्याला उशिरा मिळतो.

मुंबई-ठाण्याचा मार्च किती तापणार हे या एका गोष्टीवर बरचसं ठरतं. जमिनीकडून येणारा पूर्वेचा वारा जोरात असेल तर तो खाऱ्या वाऱ्याला थोपवून धरतो आणि तेवढा वेळ पारा चढत राहतो. सांताक्रूझचं मार्चमधलं सरासरी कमाल तापमान ३३ अंशांच्या आसपास असतं. पण २८ मार्च १९५६ ला तिथेच ४१.७ नोंदलं गेलं आहे.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. आर्द्रता धरून जाणवणाऱ्या उष्णतेचं गणित केलं. ३७.५ अंश आणि २० टक्क्यांना उत्तर येतं ३६. ३४ अंश आणि ५० टक्क्यांना उत्तर येतं ३८. म्हणजे पारा साडेतीन अंश उतरला आणि शरीरावरचा ताण वाढला. लोक मोबाइलवर ३४ बघतील, ‘चला, उतरलं’ म्हणतील आणि पोरं पुन्हा मैदानात उतरतील. खाऱ्या वाऱ्याआधी धोका अंगातलं पाणी नकळत उडून जाण्याचा. नंतर धोका घाम न वाळण्याचा. दोन्ही वेळांच्या सूचना वेगळ्या लिहायला हव्यात. आजवर मी तरी कुठल्या सोसायटीच्या फलकावर तसं वाचलेलं नाही.

१३ मार्च

आता अंदाजाकडे. यंत्र फक्त आजचं सांगतं, गुरुवारचं सांगण्यासाठी संगणकीय प्रारूपांचा आधार लागतो. अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ, दोन्हींचे नकाशे कुणालाही बघता येतात. त्यातला जमिनीवरच्या तापमानाचा आकडा मी सरळ सोडून दिला. त्यांची एकेक चौकट नऊ किलोमीटर किंवा त्याहून मोठी; एका चौकटीत येऊरचा डोंगर, खाडी आणि घोडबंदर रस्ता एकत्र कालवलेले असतात. रोज दोन ते तीन अंशांचा फरक पडत होता.

उपयोगी पडला तो साधारण पाऊण किलोमीटर उंचीवरचा वारा, ज्याला तिथल्या हवेच्या दाबावरून ९२५ हेक्टोपास्कलची पातळी म्हणतात. सांताक्रूझहून पहाटे साडेपाचला वरची हवा मोजणारा फुगा सोडतात, त्याच्या नोंदीवरून प्रारूप त्या दिवशी बरोबर चाललंय का ते पडताळता येतं. वहीत तीन रकाने केले : सकाळी त्या उंचीवरचा वारा, आमच्याकडे रिबन फिरल्याची वेळ, दिवसाचं कमाल तापमान. थोड्याच दिवसांत कल दिसायला लागला. वरचा वारा उत्तरेचा किंवा वायव्येचा असला की खारा वारा बारा-साडेबाराला हजर. पूर्वेचा आणि ताशी १५ किलोमीटरच्या वर असला की दोनच्या आधी आशा नाही. हा नियम माझ्या खांबापुरता आहे. कोपरी-कळव्याला खाडी जवळ, तिथे तो जसाच्या तसा चालेल असं समजू नये. ज्याला हे करायचंय त्यानं आपल्या जागेची वही आपणच भरावी.

१५ मार्च, रविवार

यात्रेच्या मार्गावर चालून आले. सोबत लांबून पृष्ठभागाचं तापमान सांगणारा इन्फ्रारेड थर्मामीटर (८५० रुपये, भावाकडून उसना). सकाळी आठला डांबर ३०, साडेनऊला ३९, अकराला ५२. त्याच अकरा वाजता पिंपळाखालचा फूटपाथ ३३. पवारनगरच्या शेवटच्या टप्प्यात शंभरेक पावलं एकही झाड नाही, आणि प्रथेप्रमाणे लेझीमचा मोठा फेर नेमका तिथेच धरतात. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला मेट्रोच्या पुलाची सावली सकाळी येऊरकडच्या सर्व्हिस रोडवर पडते, हे लक्षात ठेवण्यासारखं.

पालखीमागे काही आजीआजोबा अनवाणी चालतात. त्यांच्यासाठी ५२ चा आकडा हवेच्या आकड्यापेक्षा मोलाचा आहे.

१७ मार्च

गेले तीन-चार दिवस हवा जरा मवाळ होती. उद्यापासून वरचा वारा पुन्हा पूर्वेकडे वळतोय, शनिवारी तो सर्वांत जोरात. म्हणजे सुट्टी जशी पुढे सरकेल तसं तापत जाणार. दोन्ही प्रारूपांचं यावर एकमत आहे. रविवारबद्दल नाही.

पहिला मसुदा समितीला दाखवला. वर तक्ता, चार दिवस, कमाल, किमान, आर्द्रता. अध्यक्षकाकांनी वाचून विचारलं, ‘मग आम्ही करायचं काय?’ अगदी रास्त प्रश्न. ढोलपथकाची ताई म्हणाली, ‘मला कमाल नको. मी नऊ वाजता कुठे असेन आणि तिथे कसं असेल ते सांग.’ रात्री सगळं नव्यानं लिहिलं. गुरुवारपुरता मजकूर असा झाला :

‘सकाळी ७ : २४ अंश, हवा कोरडी, बरं वाटेल. ९ : २९, उन्हात चटका जाणवेल. १० : ३२, उघड्यावर उभं राहणं जड. ११ नंतर ३४ च्या वर. खारा वारा साडेबारा ते एकच्या दरम्यान. तो आल्यावर पारा उतरेल, पण घाम वाळणार नाही, तेव्हा लगेच मैदानात उतरू नये. दिवसाचं कमाल ३५ ते ३६. खात्री चांगली. सूचना : यात्रा साडेसहाला निघावी, साडेनऊला संपावी. लेझीमचा फेर पिंपळाखाली धरावा. अनवाणी चालणाऱ्यांनी नऊनंतर चपला घालाव्यात.’

प्रत्येक दिवसाखाली खात्रीची ओळ आहे : चांगली, मध्यम, कमी. रविवारसाठी ‘कमी’ लिहिलं. काहींना ते खटकलं, अंदाज ठाम हवा म्हणाले. मी ती ओळ काढली नाही. सामन्यांच्या आयोजकांना पर्यायी वेळ हाताशी ठेवायची की नाही, हे त्या एका शब्दावरून ठरवता येतं.

‘उष्णतेची लाट’ हे शब्द मात्र कुठेही वापरले नाहीत. ती जाहीर करणं वेधशाळेचं काम, आणि त्याला निकष आहेत : किनारपट्टीच्या केंद्रावर कमाल ३७ किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक, तेही विभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस. एका बागेतल्या खांबावरून लाट ठरत नाही. कागदाच्या डोक्यावर जिल्ह्याचा त्या दिवशीचा अधिकृत इशारा जसाच्या तसा, आणि खाली आमचा मजकूर. दोहोंत फरक दिसला तर वरचा मानायचा, असं ठळक लिहिलंय.

१८ मार्च

पाण्याचा हिशोब. जोरकस हालचाल करणाऱ्याला उन्हात दर वीस मिनिटांनी एक पेला लागतो, तहान लागो न लागो. ढोलपथकात चाळीस जण, तासाला तीन पेले, तीन तास : ३६० पेले. बाकी अडीचशे जणांना तासाला एक धरला तरी साडेसातशे. वीस लिटरच्या जारमध्ये दोनशे मिलिलिटरचे शंभर पेले. म्हणजे अकरा-बारा जार, आम्ही पंधरा सांगितले, ८० रुपयांप्रमाणे १२०० रुपये. समितीची मागणी आधी सहा जारची होती.

ओआरएसची पाकिटं, एका लिटरला एक. मुलांना आवडावं म्हणून कोकम सरबत आणि ताकही आहे, पण पथकातल्या पोरांसाठी ओआरएसच. बर्फाच्या लाद्या फक्त शेकण्यासाठी, पाण्यात टाकायच्या नाहीत. कुणी भोवळ येऊन पडलं, बरळायला लागलं, तर सावलीत न्यायचं, फेटा-जाकीट उतरवायचं, अंग ओलं करून वारा घालायचा, मानेला आणि काखेत बर्फ, आणि १०८ ला फोन. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. हे स्वयंसेवकांना आज दोनदा म्हणायला लावलं.

ध्वनिक्षेपकाचा टेम्पो चालवणारे आणि जार आणणारे दोघंही रोजे धरणारे आहेत. उद्या त्यांना पाणी चालणार नाही. टेम्पो यात्रेच्या मधे न ठेवता सावलीच्या बाजूनं पुढे ठेवायचं आणि त्यांना नऊला मोकळं करायचं ठरलं. राबोडीतल्या माझ्या मैत्रिणीनं ईदच्या सकाळचा अंदाज मागितला, तिलाही तासाप्रमाणे लिहून दिला.

१९ मार्च, पाडवा

साडेसहाऐवजी पावणेसातला निघाली. उजाडताना २३.६. गुढ्या उभारून लोक बाहेर पडले तेव्हा हवा खरंच प्रसन्न होती.

अडचण आठनंतर आली. पहिल्या चौकात स्वागत लांबलं, वीस मिनिटं गेली. नऊला ३०.१ होतं, माझ्या अंदाजापेक्षा अंशभर जास्त. ढोलपथकाच्या ताईनं कागदावर बोट ठेवून पुढचे दोन थांबे रद्द केले. मला फार बरं वाटलं. कागद खिशात न राहता हातात होता. लेझीमचा फेर पिंपळाखाली झाला. पावणेदहाला समारोप, तेव्हा ३१.८.

नऊवारी आणि फेटा घातलेल्या दुचाकीवरच्या मुलींचा विचार माझ्याकडून कागदावर आलाच नव्हता. यात्रा हळू चालते, इंजिनं तापतात, पाय त्या झळेत, आणि त्या उतरूही शकत नाहीत. दोघींना गरगरलं. सावली, ओआरएस, अर्ध्या तासात ठीक. पुढच्या वेळी दुचाकी सर्वांत पुढे आणि आठपर्यंत मोकळ्या, असं लिहून ठेवलंय.

रिबन फिरली १२.४० ला. कमाल ३५.४.

२० मार्च

अंदाज ३६ ते ३७, वारा एक ते दीड. प्रत्यक्षात ३६.८, वारा १.२० ला. आज उघड्यावर कार्यक्रम नव्हता. शनिवारच्या सहलीबद्दल फोन येत राहिले. फुग्याच्या नोंदीत वरचा वारा काल सांगितल्यापेक्षा जोरात दिसला, म्हणून संध्याकाळी शनिवारचा मजकूर बदलला : ‘खारा वारा दोननंतर, कदाचित तीन. मुलांनी साडेदहाच्या आत येऊरहून खाली यावं.’ आधी साडेअकरा लिहिलं होतं. एक तास कमी झाल्यावर काही पालक नाराज झाले, डबा वरती खायचा बेत होता.

२१ मार्च, शनिवार

मुलं सव्वासहाला चढली, दहाला खाली. डबे बागेत खाल्ले.

कमाल ३८.९. माझा आकडा ३७ ते ३८ होता. खारा वारा ३.१० ला. दोन ते तीन या तासात आर्द्रता १६ टक्क्यांपर्यंत गेली. येऊरची पानगळ पुरती झालेली आहे, वरच्या वाटेवर सावली जवळपास नाही. साडेअकराला ती मुलं उतारावर असती आणि बागेतल्या हिरवळीवरच तेव्हा ३५ होतं.

२२ मार्च, रविवार

अंदाज ३७ ते ३८, खात्री कमी. आले ३६.१ आणि खारा वारा १२.१० लाच. पूर्वेचा वारा रात्रीतच ओसरला होता. पहाटेच्या फुग्यात ते दिसलं, सात वाजता मी आयोजकांना कळवलं, पण त्यांनी दुपारचे सामने आधीच चारनंतर ढकलले होते आणि ते तसेच ठेवले. बारा ते तीन मैदान रिकामं. मला ते योग्य वाटतं. साडेबाराला ३४ अंश आणि ५२ टक्के आर्द्रता होती, म्हणजे ११ तारखेचं तेच गणित. पॅड-ग्लोव्ह्ज घालून फलंदाजानं त्यात धावावं अशी हवा नव्हतीच.

संध्याकाळच्या सामन्यात सातला दिवे लागले तेव्हा पारा ३० पर्यंत उतरला होता, तरी खेळाडूंचे शर्ट पिळून काढावेत इतके भिजलेले. या तासांसाठी माझ्या कागदावर एकही ओळ नव्हती.

२५ मार्च

पडताळणी फलकावर लावली, चुकलेल्या आकड्यांसकट. कमाल तापमान गुरुवारी-शुक्रवारी बसलं. शनिवारी अंशभर कमी सांगितलं गेलं, रविवारी अंशभर जास्त. वाऱ्याची वेळ तीन दिवस सांगितलेल्या मुदतीत, रविवारी साफ चुकली. दोन दिवसांपलीकडे या पद्धतीनं वेळ सांगू नये, असं मी आता ठरवलंय. तापण्याचा कल सांगावा, वेळ आदल्या संध्याकाळी.

खर्च : सेन्सर आणि बोर्ड १०५० (वाया गेलेला धरून), छत्री ३९०, सिग्नलचं यंत्र ११५०, काचेचे थर्मामीटर ३६०, छपाई २२०. एकूण ३१७० रुपये. सोसायटीनं सिग्नलच्या यंत्राचे पैसे दिले, कारण वॉचमनच्या कॅमेऱ्यालाही ते चालतं. पैशापेक्षा वेळ जास्त गेला, तोही मुख्यतः चुकीचा सेन्सर आणि चुकीची जागा यांत. नवीन करणाऱ्यानं काचेचे थर्मामीटर आधी घ्यावेत, सेन्सर मागाहून. रिबनला तर पैसेही पडत नाहीत, आणि तिनं जेवढं सांगितलं तेवढं कशानंच सांगितलं नाही.

६ एप्रिल

बर्फाची परीक्षा पुन्हा : ०.२ च. पंख्यात धूळ साचली होती, ब्रशनं काढली. एका सकाळी आकडे दीड अंशानं चढलेले दिसले ते त्यामुळेच. दर आठवड्याला पंखा बघायचा.

शेजारच्या वस्तीतल्या मंडळानं १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीसाठी असाच कागद मागितलाय. मिरवणूक संध्याकाळी सहाला निघते आणि रात्री उशिरापर्यंत चालते, म्हणजे सगळा वेळ खाऱ्या वाऱ्यानंतरचा. सकाळच्या यात्रेचा साचा इथे कामाचा नाही. आजपासून वहीत दोन रकाने वाढवले : संध्याकाळी सहा ते अकराचं ओलं तापमान, आणि डांबर किती वाजता ३५ च्या खाली येतं. कालच्या मोजणीत रात्री साडेनऊला ते अजून ३६ होतं.